मांजरपाटावरचा निळा ठिपका

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. नांदुऱ्याहून संग्रामपूरकडे जाताना पूर्णा ओलांडली की पुढे कुठेतरी ते लागतं, एवढं पुरे. नाव न लिहिण्याचं शहाणपण मला फार उशिरा सुचलं. ज्यांच्या जिवावर ते सुचलं त्यांच्याबद्दलच हे लिहितो आहे.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी नांदुऱ्याच्या रेल्वे स्टेशनवरच्या एका पॉइंट्समनचा मुलगा. शहरातल्या शेतकी कॉलेजात एम.एस्सी. करत होतो. आमच्या अख्ख्या गल्लीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी एकटा, त्यामुळे सुट्टीत घरी आलो की मला शिंगं फुटलेली असत. कुणी विचारायच्या आधीच मी सांगत असे की माझं रिसर्च चाललंय. काय विषय, म्हणून विचारलं की म्हणायचो, 'विहिरींच्या पाण्यातले क्षार.' लोक मान डोलवत आणि दुसरं काहीतरी बोलायला लागत.

विषय मात्र त्यांच्याच घशातला होता. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो पट्टा आहे त्याला आम्ही खारपाण म्हणतो. विहीर खणा, पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. दोन दोन तास चुलीवर ठेवा, दाणा दाताखाली टचकन लागतोच. म्हणून तिथल्या घरोघरी एक वेगळी घागर असे, डाळीच्या पाण्याची. नदीच्या वाळूत झिरा उकरून नाहीतर दोन कोसांवरून बैलगाडीनं ते पाणी आणलेलं असे. ते पिण्यासाठी नसे, फक्त डाळीसाठी, आणि त्यातही एखादा दाणा कच्चा राहायचाच. पाहुण्याला पाणी देताना बाया आधीच बजावत, "खारं हाये बापा, सांभाळून घ्या."

आणखी एक रीत होती, ती मला गावात राहिल्यावर कळली. पाणी मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. वैरी असला तरी नाही. त्यामुळे ज्याच्याकडे गोडं पाणी असेल तो ते कुणाला सांगतच नसे. परक्यानं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "आमचं बी खारंच हाये." यात कुणाला खोटेपणा वाटत नसे. आलेल्याला नाही म्हणता येत नाही, मग तो येणारच नाही अशी ती व्यवस्था होती.

दिवाळीनंतर मी त्या गावात बाटल्यांची पेटी घेऊन उतरलो. शाळेच्या ओसरीत मुक्काम. रोज पाच-सहा विहिरींवर जायचं, पाणी काढायचं, बाटलीवर नंबर टाकायचा. पेटीत सिल्व्हर नायट्रेटची एक काळी बाटलीही होती. परीक्षानळीतल्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकले की पाणी पांढरं होई. जितकं मीठ जास्त तितकं पांढरं. खरं मोजमाप कॉलेजात व्हायचं, पण हे दोन थेंब मी गावातच टाकत असे, कारण बघायला गर्दी जमे आणि मला ते आवडे.

गावाच्या उगवतीला चिंचेखाली चार घरं होती. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारी मुसलमान माणसं. हिवाळ्यात पुरुष खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव जात, बाया घरी सूत, शिलाई करत. त्यांतली सगळ्यांत मोठी एक विधवा बाई होती. गावातली हिंदू-मुसलमान सगळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणायला लागलो. उंच, हाडापेरानं मजबूत. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या सुईकडे बघायची.

"तुमची विहीर कोणती, खाला?" मी विचारलं.

"ते पाह्य, तठी वावरात हाये," तिनं सुईनंच दिशा दाखवली.

मी त्या वावरातल्या विहिरीचं पाणी आणलं, दोन थेंब टाकले. दूध झालं. बाटलीवर नंबर टाकून मी निघालो तर ती म्हणाली, "उनात फिरून राह्यला बाबू, जेवून जा. आमच्या घरचं चालते ना तुले?"

चालते, म्हणालो. घरी आईला सांगितलं नसतं, पण त्या वयात मला आपण सुधारलेले आहोत याचा अभिमान होता आणि तो दाखवायला अशी संधी हवीच होती. तिच्या सुनेनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तुरीच्या डाळीचं वरण. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. डाळ मेणासारखी मऊ होती. एक दाणा अख्खा नव्हता. गेला महिनाभर मी त्या पट्ट्यात टचटचीत डाळ खात होतो.

मी हसलो. तेव्हा मला वाटलं होतं की चोर पकडल्यावर पोलीस हसतो तसं आपण हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

"खाला, ही डाळ त्या विहिरीच्या पाण्यात शिजली नाही."

सून आत गेली. खालानं सुई खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग उठली आणि मला घरामागे घेऊन गेली. चिंचेच्या बुंध्याशी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्यांच्या आड एक लहानशी, कठडा नसलेली, दगडानं बांधलेली विहीर होती. बारा-चौदा हात खोल. रहाट नाही, कप्पी नाही. दोरानं हातांनी शेंदायची.

त्या पाण्यात मी दोन थेंब टाकले. नळीत जेमतेम धुकं आल्यासारखं झालं. अख्ख्या गावात, आसपासच्या पाच गावांत, मला असं पाणी मिळालं नव्हतं. मी तिथंच उड्या मारायचा बाकी होतो.

खाला मात्र कडब्याच्या पेंढ्या परत नीट लावत होती. "माह्या सासऱ्याच्या बापानं खनली," ती म्हणाली. "रोज सकाळी घरटी दोन घागरी. दुपारून दोर टाकाचाच नाही. इहीर थकते, बाबू. थकली का खारी होते. एका लग्नात लय उपसली व्हती, तं दोन बरसाती तोंडात धरवे ना."

"असं कसं होईल?"

"काऊन नाही होईन? वरतं गोडं हाये, खालतं खारं हाये. दुधावरची साय हाये थे. साय वरपून घेतली तं मंग काय ऱ्हाते?"

मी वहीत ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढे कॉलेजात गेल्यावर इंग्रजी पुस्तकात तेच सापडलं, आकृतीसकट. जड खाऱ्या पाण्यावर तरंगणारा हलक्या गोड्या पाण्याचा पातळ थर, आणि उपसा वाढला की खालून वर चढणारं खारं पाणी. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण याच विषयावर आहे. त्यात पुस्तकाचं नाव आहे. खालाच्या जागी 'स्थानिक माहितीनुसार' असे दोन शब्द आहेत.

निघताना तिनं विचारलं, "हे सारं कोठी लिवशीन?"

"नकाशा काढणार. प्रत्येक विहिरीचा एक ठिपका. खारी ती लाल, मध्यम ती पिवळी, गोडी ती निळी."

"मंग आमची बी लालच काढ ना. एवढा एक ठिपका. कोनाले काय कयते?"

"शास्त्रात खोटं चालत नाही, खाला." हे मी अगदी गंभीरपणे म्हणालो. "पण तुमचं नाव टाकणार नाही. नुसता नंबर. सतरा नंबर. शब्द दिला."

"नाव नोको टाकू बरं, बाबू," ती म्हणाली. बाटली मी पेटीत ठेवली आणि गेलो.

कॉलेजात परतलो तर आमच्या सरांच्या डोक्यात एक नवं खूळ शिरलं होतं. खूळ म्हणतो ते आजच्या कडवटपणानं, त्या वेळी आम्हाला ते क्रांतीसारखं वाटलं. सरांचं म्हणणं असं की तुमचे प्रबंध कपाटात जातात आणि वाळवी खाते. ज्या शेतकऱ्याच्या जिवावर तुम्ही पदव्या घेता त्याला त्यातलं काय कळतं? तेव्हा एम.एस्सी.च्या प्रत्येक मुलानं आपलं संशोधन एका चित्रात मांडायचं. एकच चित्र. त्यात शब्द एकही नको, कारण बघणाऱ्यांत अर्ध्यांना अक्षरओळख नाही. आणि ते चित्र जिथं काम केलं त्याच भागात जाऊन, बाजाराच्या दिवशी लोकांना दाखवायचं.

माझ्या एका मित्रानं ज्वारीच्या कणसावरचा काणी रोग रंगवायला घेतला, दुसऱ्यानं गाईच्या पोटातले जंत. आम्ही होस्टेलच्या व्हरांड्यात मांजरपाट ताणून, खळ लावून, डिंकात कालवलेले रंग घेऊन दिवस दिवस बसायचो. मी गावाचा नकाशा काढला. नुसत्या रेघा लोकांना कळणार नाहीत, म्हणून मी त्यात मारुतीचं देऊळ काढलं, मशिदीचा मिनार काढला, शाळेची कौलं, बाजाराचा ओटा, नाल्यावरचा वाकडा बाभूळ. चिंच तर इतकी झोकात काढली की येणारा-जाणारा थांबून बघे. चित्रकलेचं अंग मला आधीपासून होतं आणि ते पहिल्यांदाच कामी येत होतं.

ठिपक्यांची पाळी आली तेव्हा मी सतराव्या जागेपाशी थांबलो. दोन दिवस ती जागा कोरी ठेवली. सरांनी येऊन बघितलं.

"इथं काय?"

मी सगळं सांगितलं. म्हणालो, इथं ठिपका नाही दिला तर? किंवा पिवळा दिला तर?

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाकी सगळं लाल, पाच-सहा पिवळे. मग तू शोधलंस काय? पाणी खारं आहे हे त्यांना तुझ्या आधीपासून माहीत आहे." आणि जाता जाता म्हणाले, "नाव नाही ना टाकत? मग झालं तर."

हे मी सरांवर ढकलत नाही. त्यांनी नुसतं बोलून दाखवलं, मला ते ऐकायचंच होतं. त्या निळ्या ठिपक्याशिवाय माझं चित्र म्हणजे गोवर आलेल्या पोराचं अंग होतं. मी चांगल्या प्रतीची निळी पूड आणली, दोन हात दिले, कडेला बारीक पांढरी रेघ ओढली म्हणजे तो उठून दिसेल. चौथ्या प्रकरणातली थरांची आकृती तोवर माझी काढून झाली होती. उपशानं काय होतं ते त्या अख्ख्या कॉलेजात सगळ्यांत जास्त मला माहीत होतं.

माघात आम्ही जीपनं गेलो. त्या गावाचा बाजार मोठा, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येत. पंचायतीनं ओट्यापाशी मांडव घातला होता. जंतांच्या चित्रापुढे पोरं खिदळत होती, काणीच्या चित्रापुढे म्हातारे मान हलवत होते. माझ्या नकाशापुढे पहिल्यांदा कुणीच नव्हतं. मला वाटलं, नकाशा ही गोष्ट खेड्यातल्या माणसाला कळायची नाही. मी छडी घेऊन समजावायच्या तयारीत उभा राहिलो.

तेवढ्यात तीन बाया आल्या, डोक्यावर बाजाराच्या पाट्या. एकीनं मारुतीच्या देवळावर बोट ठेवलं. "हा आपला मारोती व्हय." दुसरीनं शाळा ओळखली. तिसरीनं स्वतःच्या घरापाशी लाल ठिपका बघितला आणि मला विचारलं, "लाल म्हंजी खारं काय हो?" मी हो म्हणालो. मग तिचं बोट सगळ्या लाल ठिपक्यांवरून फिरत फिरत चिंचेपाशी आलं आणि थांबलं.

"आन् हे निळं?"

 मला आठवतं, माझी छडी हवेतच राहिली होती. पण शब्द नको होतेच. सरांनी म्हटल्याप्रमाणे चित्र स्वतःच बोलत होतं.

"चिच कोठी हाये आपल्या गावात?" ती बाई सोबतिणीला म्हणाली. "खालाच्या घरामांगं हाये. वं माय! खालाच्या घरामांगं गोडं पानी हाये!"

 घटकाभरात मांडवात उभं राहायला जागा उरली नाही. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कुणाच्या बोलण्यात खालाबद्दल राग नव्हता, उलट कौतुकच. म्हातारी किती पक्की, पत्ता लागू दिला नाही, म्हणत होते. सरपंचांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, गावावर उपकार केले तुम्ही." मी ओरडून सांगत होतो, "रोज घरटी दोनच घागरी, बरं का! जास्त उपसली तर खारी होईल!" ते कुणी ऐकत होतं असं वाटत नाही. माझ्या चित्रात पाणी कुठं आहे ते होतं. किती आहे, ते कसं घ्यायचं, हे काढायची मला आठवणच राहिली नव्हती.

खाला बाजारात आलेली नव्हती. मी तिच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. चिंच मांडवातून दिसत होती. मी शेपूट घातली आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

पुढचे दोन-तीन महिने बरे गेले, हे लिहितानाही तोंड कडू होतं. नकाशा कॉलेजाच्या मुख्य जिन्यात लागला. कुणी अधिकारी आले की सर मला बोलावून नकाशापुढे उभं करत. एका साहेबांनी तर, असं काम प्रत्येक तालुक्यात झालं पाहिजे, म्हणून पाठ थोपटली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो आणि उतरायचं मनात नव्हतं.

वैशाखात उन्हाळी नमुने घ्यायला परत गेलो. चिंचेकडे जाणाऱ्या पायवाटेची गाडीवाट झाली होती, चाकोऱ्या हातभर खोल. कडब्याच्या पेंढ्या गेल्या होत्या. विहिरीवर दोन लाकडी खांब रोवून लोखंडी कप्पी बसवलेली होती. गावाच्या सोयीसाठी पंचायतीनं दिली होती. आसपास सगळा चिखल वाळून भेगाळलेला. विहिरीवर कुणी नव्हतं.

सून दारात उभी होती. पेटी बघून म्हणाली, "आता कायले आले? अजून काय न्याचं ऱ्हायलं?"

मी पेटी खाली ठेवली. खाला आतून आली. सहा महिन्यांत ती वाकली होती असं म्हटलं तर ते लेखकाचं म्हणणं होईल. ती तशीच होती, फक्त हातात सुई नव्हती. तिनं मला बस म्हटलं नाही. सांगितलं मात्र सगळं, एका सुरात, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं. पहिल्यांदा एक बाळंतीण बाई होती म्हणून आले. मग एका घरी म्हातारा आजारी. मग लग्न. मग दुसरं लग्न. मग गाडीत टिपाडं ठेवून येऊ लागले. सगळे चांगल्या तोंडानं आले, कुणी गुळाचा खडा घेऊन आलं, कुणी ज्वारी. "पान्याले नाही कसं म्हनू, बाबू? तूच सांग. कोनी चोरून नेलं असतं तं भांडली असती."

मी दोर टाकून पाणी काढलं. नळीत घेतलं, दोन थेंब टाकले. ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. नळी खालपासून वरपर्यंत पांढरी झाली.

"दूध झालं," ती म्हणाली.

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही, बरेच वापरले. ती मधेच म्हणाली, "आज जेव म्हनत नाही तुले. डाय शिजत नाही."

मला रडू आलं. पंचवीस वर्षांचा पुरुष, एम.एस्सी.चा विद्यार्थी, हातात पांढरी नळी धरून एका परक्या अंगणात रडत होतो आणि दारातली ती सून माझ्याकडे बघत होती. तिला माझी अजिबात दया आली नाही. यावी तरी का?

मग खाला म्हणाली, "मले सांग, तुह्या शास्त्रात काय हाये? उपसली नाही तं गोडं वापस येते का नाही?"

"येतं. पावसाचं पाणी वर साचत जातं. पण चार-सहा पावसाळे लागतील. आणि तोवर कुणी दोर टाकायचा नाही."

"आता कोन टाकते? आता आमीच नदीवर जातो." मग तिनं घरामागे बघत विचारलं, "तुह्या त्या कापडावर आमचा ठिपका निळाच हाये ना अजून?"

"हो."

"लाल कर. पंचायतीत नेऊन टांग. पानी गोडं झालं तरी लालच राहू दे. आता तरी करशीन ना?"

मी शास्त्राचं नाव काढलं नाही. शाळेच्या ओसरीत बसून दोन दिवसांत नवा नकाशा केला, छोटा. या वेळी चिंच काढली नाही. सतराव्या जागी लाल ठिपका दिला. त्या दिवशी तो खराच होता. सरपंचांनी तो पंचायतीच्या भिंतीवर टांगला आणि हळहळत म्हणाले, "आमच्या गावाले गोडं पानी लाभतच नाही, साहेब."

मला पदवी मिळाली. प्रबंधातल्या नकाशात ठिपका निळाच आहे. नमुना घेतला तेव्हा तो निळा होता, आणि प्रबंधात तारखेला महत्त्व असतं. कॉलेजच्या कपाटात तो अजून असेल, वाळवीनं खाल्ला नसेल तर. कधी कधी वाटतं, खाल्ला असेल तर बरं.

त्यानंतर मी त्या भागात नोकरीला लागलो, जिल्हाभर हिंडलो, पण त्या गावाला वळसा घालून जायचो. सहा-सात वर्षांनी कामच असं निघालं की टाळता येईना. पंचायतीत बसलो होतो. भिंतीवर माझा नकाशा होता, कडा पिवळ्या पडलेल्या, निळा ठिपका एकही नाही. कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. काम झाल्यावर पाय आपोआप उगवतीकडे वळले.

चार घरांतली दोन पडली होती. ती माणसं नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कामाला गेली, इथं पाण्यासाठी रोज नदी गाठणं म्हाताऱ्यांना झेपेना. खाला दोन वर्षांपूर्वी गेली. सुनेनंच सांगितलं. तिचे केस पिकायला लागले होते आणि आता तीच सुई घेऊन ओसरीत बसत होती. "आखरी आखरी गोडं पानी मांगे," ती म्हणाली. "नदीचं आनून देलं तं म्हने, हे आपलं नोव्हं." एवढं सांगून तिनं सुई परत चालवायला घेतली. 

मी घरामागे बघितलं. कप्पीचे खांब गेले होते. चिंचेच्या बुंध्याशी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या.

"जेवून जा," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. तिच्या सासूच्या घरची रीत होती, ती ती पाळत होती. तिनं ताट वाढलं आणि समोर उभी राहिली, पहिल्या दिवसासारखी आत गेली नाही. भाकरी, ठेचा, वरण. मी घास मोडला. डाळ मेणासारखी मऊ होती. एक दाणा अख्खा नव्हता.

मी वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

"पानी खारंच हाये अजून," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणालो, "खारंच हाये." आणि खाली मान घालून जेवलो.